पाळणा

रंकाळ्याच्या धक्क्यावर नावा उचलायचं यंत्र आहे,
पालिकेच्या कागदावर त्याचं नाव बोट लिफ्ट.
केरबा म्हणतो, पाळणा.
चार खांब, दोन पट्टे, एक हातविंच,
आणि पट्ट्यांत निजलेली, पोटाला शेवाळ धरलेली
पायडलची नाव, सात नंबर.

फोनवर केरबा म्हणाला, बोट अडक...
पुढचं वाऱ्यानं खाल्लं.
अडकली की अडकलं?
म्हणून पान्यांच्या पिशवीत मी हळद आणि चिंधीही टाकली
आणि उद्यमनगरातून निघालो.

नावच अडकली होती. दोन दिवस अधांतरी.
खाली पाण्यात तिची सावली मात्र मोकळी,
केंदाळाला धक्के देत हिंडत होती.

विंचच्या दातेरी चाकावर एक खिट्टी असते,
भार आला तरी चाक उलटं फिरू नये म्हणून.
आमच्या शॉपात तिला कुत्रं म्हणतात.
कुत्रं धरतंय का बघ. कुत्रं सोडू नको.
नवी पोरं हसतात,
एखाद्याचं बोट चेंबटेपर्यंत.

झाकण उघडलं. आतल्या बाजूला छिन्नीच्या रेघा.
दस्तगीर मिस्त्रीच्या, दर दुरुस्तीला एक.
लिहिता येत नव्हतं असं नाही,
मोडीसुद्धा वाचायचा.
पण म्हणायचा, लोखंडाला रेघ पुरते.
नऊ मोजल्या.
नववीनंतर तो गेला, त्याला आता दोन वर्षं.
दोन वर्षं कुणाचा हात नाही,
म्हणजे आत गंजाचा भुसाच असणार,
असं धरून मी घासकागद आणला होता ढीगभर.

गंज नव्हता.
दात काळेभोर, तुकतुकीत,
आत्ताच न्हाऊमाखू घातल्यासारखे.
त्यांवरून मुंग्यांची रांग
तारेच्या दोरानं वर चाललेली,
अगदी शिस्तीत, जणू त्यांनी तिकीट काढलंय.
वास घेतला.
ओवा. पुन्हा घेतला.
मिरचीची भजी.

"हात कुणी लावला ह्याला?"
केरबा पाण्याकडं बघाय लागला.
शेगडीआडून हौसाक्का म्हणाली,
"म्या. का वं?
म्हातारा दर शनवारी त्याल घालायचा.
तो गेल्यावर कोण घालणार?
ग्रीसचा अर्ज पडलाय पालिकेत, पडू दे.
कढईतलं उरल्यालं टाकूनच द्यायचं असतंय.
गाडा झाकताना हे कुईकुई करायचं,
लेकरागत.
तसंच टाकून घरला जायाचं कसं?"

सांगणार होतो,
खायचं तेल चिकटतं, धूळ धरतं,
त्या चिकटानंच कुत्रं बसलंय जाग्यावर.
सगळं खरं होतं.
दातांवर गंज नव्हता, हेही खरं होतं.
सांगितलं. पण आवाज चढवला नाही.

मुंग्या आधी फुंकरीनं उतरवल्या,
त्यातच अर्धा तास गेला.
मग रॉकेल, ब्रश, पुन्हा रॉकेल.
खिट्टीची स्प्रिंग मेलेली,
जुन्या लुनाच्या स्टँडची कापून बसवली.
दोराच्या तीन तारा तुटल्यात, दोर बदला,
हे केरबाला तोंडी सांगितलं,
लिहून दिलं,
वर हौसाक्कालाही सांगून ठेवलं.
तिचंच ध्यानात राहील.

हँडल फिरवलं. कट्. कट्. कट्.
कुत्रं प्रत्येक दात चावून पुढं सोडत होतं.
सात नंबर खाली आली, टेकली,
सावली तिच्या पोटाखाली शिरली
आणि केंदाळ जरासं सरकलं.

झाकणावर दहावी रेघ मारली,
नववीपासून चांगली चार बोटं सोडून.
ती जागा कशासाठी,
पुढचा फिटर विचारेल, नाहीतर नाही विचारणार.

भजी खाल्ली. हात त्याच कागदाला पुसले.
ग्रीसचा डबा हौसाक्काच्या गाड्याखाली ठेवला,
पिठापासून लांब ठेव म्हटलं.

घरी येऊन पिशवी उपडी केली.
पाने, चिंधी, हळदीची पुडी,
आणि एक बोल्ट जास्तीचा.
कुठला, ते अजून आठवत नाही.
उद्या पुन्हा जावं लागणार.